वर्गातला मास्क आणि दोन मायक्रॉनचा धागा

"डास अडवायला तारेचं कुंपण घालण्यातला प्रकार आहे हा." महासाथीच्या काळात एका पालकसभेत एका वडिलांनी हे वाक्य उच्चारलं आणि अर्ध्या सभेने माना डोलावल्या. युक्तिवाद बिनतोड वाटत होता. करोनाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. मास्कच्या धाग्यांमधल्या फटी दहा-वीस मायक्रॉनच्या. शंभरपट मोठ्या भोकातून विषाणू आरामात आत जाणार, मग मुलांची तोंडं सहा-सहा तास झाकून ठेवायची कशाला?

आकडे त्यांचे बरोबर होते, चुकलं होतं ते मनातलं चित्र. ते मास्ककडे चाळणी म्हणून पाहत होते. पीठ चाळताना भोकापेक्षा मोठं ते वर राहतं, लहान ते खाली पडतं. मास्क असं काम करतच नाही. तो कसं काम करतो हे मला इतकं सुंदर वाटतं की शाळेच्या प्रश्नाकडे वळण्याआधी मी तिथेच थोडा थांबणार आहे.

साधा तीन थरांचा सर्जिकल मास्क घ्या, कात्रीने कडा कापा आणि थर सुटे करा. बाहेरच्या रंगीत थरावर पाण्याचा थेंब टाकला तर तो पसरत नाही, मोत्यासारखा उभा राहतो. ओठांना लागणारा आतला थर मऊ असतो. खरं काम मधल्या पांढऱ्या पापुद्र्याचं. वितळलेल्या पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकवर गरम हवेचा जोरदार झोत सोडून त्याचे धागे ओढतात आणि ते कसेही एकमेकांवर पडू देतात. या कापडाला मेल्टब्लोन म्हणतात. धागा एक ते पाच मायक्रॉन जाड. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो. यात ताणाबाणा नाही, ओळीने मांडलेली भोकंही नाहीत. हे दाट रान आहे. हवा त्यातून वाट काढते, आणि कणाचं शरीर धाग्याला एकदा जरी टेकलं तरी तो तिथेच अडकतो. इतक्या लहान आकाराला पृष्ठभागावरचं आकर्षण पुरेसं असतं, सुटायला बळच उरत नाही.

म्हणजे प्रश्न फटीच्या आकाराचा नाहीच. कण वाटेत कुठेतरी धाग्याला टेकेल का, एवढाच आहे.

मोठा कण जडत्वामुळे टेकतो. हवा धाग्याला वळसा घालते, पण एक-दोन मायक्रॉनपेक्षा मोठ्या कणाला ते वळण जमत नाही आणि तो सरळ जाऊन आदळतो. थोडा लहान कण हवेबरोबर वळतो खरा, पण वळताना त्याची कड धाग्याला घासते. आणि अगदी लहान, ०.१ मायक्रॉनचा? तो सरळ चालतच नाही. हवेचे रेणू त्याला चहूबाजूंनी धक्के देत असतात आणि तो झिंगल्यासारखा भरकटतो. रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्ये पाण्यात तरंगणाऱ्या, परागकणांतून निघालेल्या सूक्ष्म कणांची ही थरथर पाहिली, आणि १९०५ मध्ये आइन्स्टाइनने तिचं गणित मांडलं.

ते गणित इथे लावून पाहू. हवेत ०.१ मायक्रॉनच्या कणाचा विसरण गुणांक, म्हणजे तो किती झपाट्याने भरकटतो याचं माप, साधारण ७ × १०⁻¹⁰ चौरस मीटर प्रति सेकंद असतो. शांत बसलेल्या मुलाचा श्वास मास्कच्या पूर्ण पृष्ठभागावर विभागला, तर कापडातून जाणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला एक-दोन सेंटिमीटर येतो. दोन धरू. पापुद्रा ०.२ मिलिमीटर जाडीचा धरला, तर कण त्यात सेकंदाचा शंभरावा भाग घालवतो. भरकटण्याचं सरासरी अंतर म्हणजे गुणांक आणि वेळ यांच्या गुणाकाराच्या दुपटीचं वर्गमूळ. ते येतं ३.७ मायक्रॉन. हिशेब ढोबळ आहे, पण त्याचा अर्थ पाहा. स्वतःच्या रुंदीच्या सदतीसपट अंतर हा कण आडवातिडवा भटकतो, आणि तेही धाग्यांच्या थरांमागून थर ओलांडताना. कुठे ना कुठे तो टेकतोच. शिवाय श्वास जितका संथ तितका कणाला भटकायला वेळ जास्त, म्हणून शांत बसलेल्या मुलाच्या बाबतीत भौतिकी मास्कच्या बाजूने असते.

सर्वांत अवघड कण मधल्या आकाराचे, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे. वळणावर आदळण्याइतके ते जड नसतात आणि पुरेसं भरकटण्याइतके हलकेही नसतात. एन-९५ मास्कची चाचणी मुद्दाम या अवघड आकाराच्या जवळपास घेतात आणि तिथे निदान ९५ टक्के कण अडले पाहिजेत अशी अट असते. "०.३ पेक्षा लहान काही अडत नाही" हा या आकड्याचा नेमका उलटा अर्थ आहे. त्याहून बरेच लहान कण जास्त सहज अडतात. शिवाय विषाणू एकटा उडत नाही. बोलताना उडालेल्या लाळेच्या थेंबातलं पाणी सुकल्यावर उरणाऱ्या क्षार-प्रथिनांच्या गोळ्यात बसून तो प्रवास करतो, आणि तो गोळा विषाणूपेक्षा बराच मोठा असतो.

मधल्या आकारासाठी विजेची मदत घेतात. शाळेत केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, तेच तत्त्व. मेल्टब्लोनच्या धाग्यांत दीर्घकाळ टिकणारा विद्युतभार भरलेला असतो. पीटर त्साय या संशोधकाने कोरोना चार्जिंगने हा भार भरण्याची पद्धत विकसित केली आणि १९९५ मध्ये तिचं पेटंट मिळालं. (या कोरोनाचा विषाणूशी संबंध नाही, उच्च दाबाच्या विजेने हवेत होणाऱ्या विसर्जनाचं ते नाव आहे.) भारित धागा उदासीन कणालाही खेचून घेतो. म्हणूनच असा मास्क साबणाने धुऊ नये किंवा सॅनिटायझरने पुसू नये. तो दिसायला स्वच्छ होतो, पण त्याचा भार जातो आणि गाळण्याची ताकद बरीच घटते.

महासाथीत गळ्यात अडकवायची "विषाणू रोखणारी" कार्डंही खपली. भोवतीच्या हवेत क्लोरीन डायॉक्साइड सोडून ती संरक्षण देतात असा दावा होता. मोकळ्या हवेत विषाणू मारण्याइतकं प्रमाण झालं, तर ते लहान मुलाच्या फुप्फुसालाही इजा करणारच. मुलांच्या गळ्यात असं काही घालणं मला अक्षम्य वाटतं. मास्कमध्ये कार्बन डायॉक्साइड कोंडून मुलं गुदमरतात ही भीतीही पसरली. मुलांवरच्या अशा एका प्रयोगाचा लेख २०२१ मध्ये एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकाने छापला, आणि मोजण्याच्या पद्धतीवर गंभीर प्रश्न उभे राहिल्यावर काही आठवड्यांतच मागे घेतला. वायूचा रेणू नॅनोमीटरच्या तिसऱ्या भागाएवढा असतो. मायक्रॉनच्या फटींतून त्याची ये-जा सहज होते.

मग सगळ्या मुलांना मास्क लावला की झालं? नाही. इथपर्यंतचं सगळं कापडाबद्दल होतं, आणि मूल म्हणजे कापड नव्हे.

पहिली अडचण कडांची. हवा सोपी वाट धरते. नाकाशेजारी फट असेल तर श्वास कापडातून न जाता तिथूनच जातो. २०२० च्या एका प्रयोगात मास्कच्या क्षेत्रफळाच्या एक टक्क्याएवढी फट ठेवली, तेव्हा गाळण्याची क्षमता साठ टक्क्यांहून जास्त घसरली. एन-९५ चं अमेरिकी प्रमाणपत्र मोठ्या माणसांच्या चेहऱ्यांवर बेतलेलं आहे, मुलांसाठी ते नाहीच. सात वर्षांच्या मुलाचा मास्क बोलता बोलता नाकाखाली घसरतो, आणि त्या क्षणी वरचं सगळं गणित संपतं.

दुसरी अडचण वेळेची. हवेतून पसरणाऱ्या आजारांचे अभ्यासक विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांच्या नावाचं एक समीकरण आहे. १९७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका प्राथमिक शाळेत गोवरच्या एका मुलीकडून २८ मुलांना लागण झाली. ती मुलं १४ वेगवेगळ्या वर्गांतली होती. बहुतेक जण तिच्या वर्गात कधी बसलेही नव्हते. शाळेची यंत्रणा तीच हवा फिरवून सगळीकडे पोचवत होती. त्या साथीच्या अभ्यासातून आलेलं हे समीकरण सांगतं की धोका चार गोष्टींवर ठरतो: आजारी माणूस किती सोडतो, तुम्ही किती श्वासात घेता, किती वेळ घेता आणि खोलीत ताजी हवा किती येते. आजारी मुलाच्या मास्कने निम्मं अडवलं आणि शेजारच्याच्या मास्कनेही निम्मं अडवलं, तर उरतं एक चतुर्थांश. हा गुणाकार हे सगळ्यांनी मास्क लावण्यामागचं सर्वांत भक्कम कारण आहे.

आता सहा तासांच्या शाळेत एक तास मुलं बंद वर्गातच मास्क काढून खातात असं समजा. मास्क लावलेल्या पाच तासांचा धोका पाच चतुर्थांश, म्हणजे सव्वा. उघड्या तोंडाच्या त्या एका तासाचा धोका एक. दिवसभराच्या धोक्यातला ४४ टक्के वाटा एकट्या मधल्या सुट्टीचा! तीच सुट्टी मैदानात घ्या, तो वाटा जवळजवळ पुसला जातो. मुलांच्या मास्कवर तासन् तास वाद घालणाऱ्या सभांमध्ये या एका तासाची चर्चा मी फार कमी ऐकली.

प्रत्यक्ष शाळांमधले निष्कर्ष म्हणूनच विखुरलेले आहेत. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात २०२० च्या अखेरीस १६९ प्राथमिक शाळा पाहिल्या. शिक्षक-कर्मचाऱ्यांना मास्कची सक्ती होती तिथे रुग्ण ३७ टक्के कमी होते, वायुवीजन सुधारलं होतं तिथे ३९ टक्के कमी. विद्यार्थ्यांच्या सक्तीचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. स्पेनच्या कॅटालोनियात मास्कची सक्ती सहा वर्षांपासून वर होती. २०२१-२२ या शालेय वर्षाच्या पहिल्या सत्रात सुमारे सहा लाख मुलांची नोंद तपासली, तेव्हा मास्क नसलेली पाच वर्षांची मुलं मास्कवाल्या सहा वर्षांच्या मुलांपेक्षा जास्त आजारी पडली असं दिसलं नाही. उलट बॉस्टन परिसरातल्या ७२ शालेय विभागांत, २०२२ मध्ये सक्ती उठवलेल्या ठिकाणी पंधरा आठवड्यांत हजारी जवळपास ४५ रुग्ण जास्त आढळले. तिथल्या चाचण्या आणि आधीची प्रतिकारशक्ती सारखी नव्हती, हा त्यावरचा रास्त आक्षेप आहे. माझ्या मते या अभ्यासांत विरोध नाही. ते धाग्याची नव्हे, नियमाची परीक्षा घेत होते. आणि नियमात घसरलेली नाकं, मधली सुट्टी, घरच्या भेटीगाठी सगळं येतं.

म्हणून माझं मत असं. साथ चढणीला आहे, लस नाही किंवा रुग्णालयं भरत आली आहेत, अशा आठवड्यांत मोठ्या मुलांना नीट बसणारा मास्क वर्गात लावावा, आणि त्याआधी शिक्षकांना. आकडे उतरले की नियमही उतरावा, आणि त्याची तारीख आधीच सांगावी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना सक्ती नको, सहा ते अकरामध्ये परिस्थिती पाहून ठरवा, बारापासून पुढे मोठ्यांसारखे नियम लावा असं सांगितलं. ती विभागणी मला आजही शहाणपणाची वाटते. मैदानावर मास्क नको. खिडक्या मात्र आधी उघडा, कारण त्या नाकाखाली घसरत नाहीत.

लहान वर्गांबद्दल मी हात आखडता घेतो तो ध्वनीमुळे. मास्क आवाजातल्या उंच कंपनसंख्या गिळतो, आणि स, श, फ, थ ही व्यंजनं नेमकी तिथेच ओळखू येतात. शिक्षक "साल" म्हणाले की "शाल", हे अक्षरं शिकणारं मूल एरवी ओठ पाहून ताडतं. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला तर हा आधार आणखी जास्त लागतो. पारदर्शक खिडकीच्या मास्कमध्ये ओठ दिसतात, पण ते प्लॅस्टिक आवाज कापडापेक्षाही जास्त अडवतं. इलिनॉय विद्यापीठातल्या ध्वनितज्ज्ञांनी २०२० मध्ये वेगवेगळे मास्क तपासले, तेव्हा कॉलरला लावलेल्या छोट्या मायक्रोफोनपर्यंत पोचणाऱ्या आवाजात मास्कने फारसा फरक पडला नाही. शिक्षकांच्या कॉलरला असा एक मायक्रोफोन आणि वर्गाच्या मागच्या भिंतीवर एक स्पीकर लावला, तर शेवटच्या बाकावरच्या मुलालाही श आणि स वेगळे ऐकू येतील.