फोर-व्हील ड्राइव्ह, लिंबू आणि थंडीत आखडलेलं रबर

कॅनडातल्या ओटावाहून भाच्याचा फोन. "मामा, फोर-व्हील ड्राइव्ह घेतलीये. आता विंटर टायरचा खर्च कशाला? इथे सक्तीही नाही." खरं आहे. नदीपलीकडे क्वेबेक प्रांत लागतो. तिथे नोंदलेल्या गाडीला १ डिसेंबर ते १५ मार्च हे टायर कायद्याने लागतात, ओटावाच्या ओंटारिओ प्रांतात नाही. पण बर्फाला प्रांत कळत नाही.

फोर-व्हील ड्राइव्हमुळे इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळतो, गाडी बर्फातून निघते. थांबवतात मात्र ब्रेक, आणि ते साध्या हॅचबॅकलाही चारही चाकांना असतात. गाडी जड आहे म्हणून रस्ता धरेल, हेही खोटं. वजनाबरोबर घर्षण वाढतं, तसं थांबवायचं वस्तुमानही वाढतं. गणितात दोन्ही कटतात. उरतात वेग आणि घर्षणांक, म्हणजे टायर रस्ता किती धरतो याचा आकडा. ताशी ५० किमी वेगाला घर्षणांक कोरड्या रस्त्यासारखा ०.८ असेल, तर ब्रेक लागल्यावर गाडी सुमारे १२ मीटरांत थांबते, निसरड्या बर्फासारखा ०.१ असेल तर जवळजवळ १०० मीटर. (नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडून यात फरक पडत नाही. पैसे देऊन नायट्रोजन भरूनही नाही. साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.)

आता रबर. लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा हा गुंता, गंधकाने मधूनमधून टाचलेला. उबेत साखळ्या वळवळत राहतात, म्हणून रबर रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत शिरतं. थंडीत ही वळवळ मंदावते आणि एका तापमानाखाली रबर काचेसारखं होतं. हे तुपासारखं थिजणं नव्हे. स्फटिक न होता रेणू आहेत तसेच गुंत्यात अडकतात. याला काचसंक्रमण म्हणतात. नैसर्गिक रबरात ते उणे ७० अंशांच्या आसपास होतं. मग उन्हाळी टायर ७ अंशांखालीच पकड का सोडू लागतो?

एक तर त्याचं मिश्रण वेगळं, काचसंक्रमण बरंच वरचं. पण खरी गंमत वेळेत आहे. कणीक हळू ओढली तर ताणते, हिसका दिला तर तुटते. घसरत्या टायरखाली रस्त्याचे बारीक उंचवटे रबराला सेकंदाला हजारो वेळा दाबतात. साखळ्यांना वळायला सवडच मिळत नाही. घाईने दाबलेलं रबर थंड रबरासारखं वागतं. म्हणजे वारंवारता वाढवणं आणि तापमान उतरवणं, दोन्हींचा परिणाम एकच. १९८६ च्या चॅलेंजर अवकाशयानाच्या अपघातानंतर भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन यांनी यानातल्या रबरी कडीचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून थंडीचा हा परिणाम दाखवला: दाब काढल्यावर तो लगेच पूर्ववत होईना. विंटर टायरचं रबर मुद्दाम खालच्या काचसंक्रमणाचं बनवतात. वर बारीक चिरा असतात, त्यांच्या कडा बर्फात रुततात.

बचत कुठे करायची? दोनच टायर बदलून नाही. पुढे नवे, मागे जुने असले की वळणावर गाडीची शेपटी फिरते. शिवाय घेर कमीजास्त झाला तर चारही चाकांना जोडणाऱ्या गिअरांवर ताण येतो. ब्रेकला जागा पुरत असेल तर एक इंच लहान लोखंडी रिम आणि जाड बाजूचे टायर घ्यावेत. बाहेरचा घेर मात्र तोच हवा. स्वस्त पडतात. रिमवर बसवलेलेच ठेवले की दर मोसमातली टायर उतरवण्या-चढवण्याची मजुरीही वाचते. बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरातलं हिमफुलाचं चिन्ह पाहावं.

भाच्याने सेकंडहँड टायरांचा फोटो पाठवला. नक्षी खोल, किंमत अर्धी. बाजूवर चार आकडे: २२१४. २०१४ चा बाविसावा आठवडा. इतक्या वर्षांत ऑक्सिजनने ते रबर थंडीशिवायच आखडलेलं असणार. दुसरे शोध म्हटलं.