लग्नाच्या हॉलमधला ‘बेस’ आला कुठून? तेलकट त्वचा आणि टिकाऊ फाउंडेशनची पार्श्वभूमी

तुळशीचं लग्न लागलं की बेळगावातल्या पार्लरच्या वह्या भरायला लागतात. आपल्याकडे मुहूर्त बहुतेक दुपारी बाराच्या पुढेमागे. म्हणजे नवरीच्या तोंडाला बेस (फाउंडेशनचा थर) लागतो सकाळी सहा-सातला, अक्षता पडतात साडेबाराला, आणि स्टेजवर पाहुण्यांसोबतचे फोटो संपेपर्यंत तीन वाजतात. तेलकट त्वचेच्या मुलीची तोवर जी गत व्हायची ती होते. नाकाच्या दोन्ही बाजूंना बेस फुटतो, कपाळ चकाकतं, हनुवटी काळपट पडते. मग मावशी रुमालाने तोंड पुसायला येते आणि उरलंसुरलंही जातं. “वॉटरप्रूफ म्हणून सांगितलं होतं की गे अक्का!” ही तक्रार मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत ऐकू येते.

त्या पार्लरवाल्या अक्काने फसवलेलं नसतं. बेस वॉटरप्रूफ असतोच. पण घाम म्हणजे पाणी आणि कपाळावर सुटतं ते तेल. पाण्याला दाद न देणारी वस्तू तेलात सुखाने विरघळू शकते. आपण चेहऱ्याला जे लावतो त्याचा इतिहास पाहिला तर बराच काळ पाण्याशी झुंजणाऱ्या वस्तूच बनत गेल्या. तेलाशी झुंजणारी वस्तू बाजारात येऊन पुरती तीन दशकं होत आहेत.

या इतिहासाचं एक टोक नाटकात आहे, आणि नाटक म्हटलं की आपला भाग मागे राहत नाही. 1843 मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म झाला. 1880 मध्ये त्यांचं ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आलं आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. पुढे नाटक कंपन्यांच्या दौऱ्यांत बेळगाव हा हक्काचा मुक्काम ठरला. (शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं. आज एका शहरात वाटणाऱ्या पेठा तेव्हा दोन राजवटींत होत्या.) स्त्रियांच्या भूमिका पुरुष करत. त्यामुळे दाढीची हिरवट छटा झाकून नितळ गाल दाखवणं ही रंगपटातली मोठी कामगिरी असे. कन्नड रंगभूमीवरही तेच. सौंदत्ती भागातल्या येणगीचे बाळाप्पा, म्हणजे पुढे शंभरी ओलांडलेले नटवर्य येणगी बाळाप्पा, लहानपणी स्त्रीभूमिका करतच पुढे आले.

जुन्या रंगभूषेची सामग्री साधी होती: पांढरा सफेदा, पिवळी पिवडी, लाल हिंगूळ, काजळ. सफेदा दोन जातींचा. शिशापासूनचा विषारी आणि जस्तापासूनचा त्या मानाने निरुपद्रवी. कोरडी पूड पाण्यात कालवून लावली तर घामाने ओघळ येतात. यावरचा युरोपातला उतारा जर्मनीत निघाला. लाइपझिगच्या रंगमंदिरातल्या कार्ल बाउडिन या नटाला टोप आणि कपाळ यांच्यामधली रेघ लपवायची होती. त्याने जस्ताचा सफेदा, पिवडी आणि हिंगूळ डुकराच्या चरबीत खलले. लुडविग लाइशनर या ऑपेरा गायकाने 1873 पासून बर्लिनमध्ये अशाच चरबीयुक्त रंगाच्या कांड्या करून विकायला सुरुवात केली. त्यांना नंबर असत. 5 आणि 9 नंबर एकत्र करून चेहऱ्याला लावायचे, ही इंग्रजी रंगभूमीवरची कित्येक वर्षांची रीत होती.

चरबी किंवा मेण आणि त्यात घोटलेला रंग: लग्नातल्या जाड बेसचं मूळ हेच. घाम त्यातून आरपार जात नाही. झाकण्याची ताकद दांडगी. गॅसबत्तीच्या किंवा किटसनच्या उजेडात शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला नाक-डोळे ठसठशीत दिसावेत एवढीच अपेक्षा असल्यामुळे थर जाड असला तरी बिघडत नव्हतं. आणि खेळ संपला की हा रंग खोबरेल तेलाने काढायचा. यात्रेतल्या नाटकात ज्याने एकदा तरी तोंडाला रंग लावला आहे त्याला हे ठाऊक असतं. जो रंग खोबरेलाने निघतो तो कपाळातून पाझरणाऱ्या तेलानेही सुटणारच. फरक एवढाच की खोबरेल पाच मिनिटांत काम करतं, कपाळाला तीन-चार तास लागतात.

सिनेमाने या कांडीला पहिला धक्का दिला. कॅमेरा जवळ आला तसे जाड थरातले तडे दिसू लागले. लॉस एंजेलिसमध्ये टोप आणि रंगभूषेचा व्यवसाय करणाऱ्या मॅक्स फॅक्टरने 1914 मध्ये सिनेमासाठी पातळ, लवचीक रंग केला. रंगीत चित्रपट आल्यावर चकाकी आणखी खुपू लागली, म्हणून 1930 च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या कंपनीने ‘पॅन-केक’ काढला. हा दाबलेल्या पावडरीचा रंग. ओल्या स्पंजने पातळ लावायचा, वाळला की मॅट दिसायचा. नट्या तो सेटवरून घरी नेऊ लागल्या, तेव्हा कंपनीने बाजारातही आणला. आज आपण ओला स्पंज चेहऱ्यावर थोपटतो ती सवय तिथली. दशकभराने त्याच कंपनीची ‘पॅन-स्टिक’ आली आणि मेणाची कांडी मागल्या दाराने परतली. 1945 मध्ये बर्लिनला सुरू झालेल्या क्रायोलनची पेंट स्टिक भारतातल्या ब्रायडल मेकअपमध्ये इतकी रुळली की ‘एफएस 38’, ‘एफएस 45’ हे तिचे नंबर पार्लरच्या बोलीत आले.

इतिहासाचं दुसरं टोक घरातलं आहे आणि त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. आपल्या आज्या-आया तोंडाला रंग लावत नसत. उगाळलेलं चंदन, मसुराचं पीठ, मुलतानी माती, नाहीतर न्हाताना हळद. हळद चेहऱ्याला लावण्याची चाल कन्नड मुलखात घट्ट, आणि यल्लम्माच्या भंडाऱ्याने पिवळं कपाळ आपल्याकडे कोणाला नवं नाही. मग विसाव्या शतकात ‘स्नो’ हे पांढरं क्रीम आलं. 1919 मध्ये मुंबईच्या ई. एस. पाटणवाला यांनी काढलेला अफगाण स्नो घरोघर पोचला. पाँड्‌सची व्हॅनिशिंग क्रीमही होतीच.

या स्नोची घडण बघण्यासारखी आहे. स्टिअरिक आम्ल, पाणी आणि थोडा अल्कली. आम्लाच्या काही भागाचा साबण होतो, तो उरलेल्या आम्लाला पाण्यात धरून ठेवतो. लावल्यावर पाणी उडून जातं आणि त्वचेवर पातळ, कोरडा, न चमकणारा पापुद्रा राहतो. वरून पावडर फिरवली की ती त्याला धरून बसते. त्या काळच्या फेस पावडरीत शंखजिऱ्याबरोबर (म्हणजे टाल्क) केओलिन ही पांढरी माती आणि मॅग्नेशियम कार्बोनेटही असायचं. शंखजिऱ्याने पावडर गुळगुळीत पसरते, तेल शोषण्याचं काम मात्र बाकीचे दोघे जास्त करतात. म्हणजे हळदीकुंकवाला स्नो-पावडर लावून जाणाऱ्या बायका नकळत तेलकट त्वचेला साजेसंच काही करत होत्या: चरबी कमी, थर पातळ, वर तेल टिपणारी पूड. झाकण्याची ताकद नव्हती आणि पांढरट झाक यायची, हे खरं. पण तत्त्व बरोबर होतं.

आपल्या लग्नांत नवरीला जास्त झाकायचं ठरलं तेव्हा आपण घरातली रीत सोडली आणि नाटकातली उचलली, असं मला वाटतं. पार्लरं येण्याआधी गावाकडे चेहरा ‘रंगवता येणारी’ माणसं म्हणजे नाटकवालीच होती. व्हिडिओ शूटिंगचे प्रखर दिवे मांडवात आल्यावर तर मांडवाचाच रंगमंच झाला.

देशी कारखानदारीचा भाग थोडक्यात सांगते. परकीय चलन वाचवण्याच्या धोरणातून 1952 मध्ये टाटांनी लॅक्मे सुरू केली. 1961 मध्ये सिमोन टाटा तिच्या कारभारात आल्या, आणि 1990 च्या दशकाच्या अखेरीस ती हिंदुस्तान लिव्हरकडे गेली. उदारीकरणानंतर 1995 च्या सुमारास रेव्हलॉन आली, मागोमाग मेबेलिन. त्यानंतर आपल्या खडे बाजारातल्या दुकानांतही काउंटरवर फाउंडेशनच्या बाटल्या उभ्या दिसू लागल्या.

खरा बदल याच दशकात झाला आणि तो रसायनाचा होता. मेण-चरबीच्या जागी सिलिकोन आलं. सिलिकोन पाण्यात मिसळत नाही आणि त्वचेच्या तेलातही सहजी विरघळत नाही. नव्या फाउंडेशनमध्ये रंगाचे कण एका उडून जाणाऱ्या सिलिकोनमध्ये किंवा आयसोडोडेकेनसारख्या द्रवात सोडलेले असतात आणि सोबत एक रेझिन, म्हणजे राळेसारखा घटक, असतं. लावल्यावर द्रव हवेत उडून जातो, रेझिनची लवचीक जाळी उरते आणि रंग तिच्यात अडकून बसतो. 1997 मध्ये आलेलं एस्टी लॉडरचं ‘डबल वेअर’ हे या घराण्यातलं सर्वांत नावाजलेलं. 2017 मध्ये फेंटी ब्यूटीने पहिल्याच दिवशी 40 छटा आणल्या, त्याही मॅट आणि टिकाऊ प्रकारातल्या. टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याच्या अतिरेकाने राखाडी दिसणाऱ्या सावळ्या रंगाकडे त्यानंतर इतर कंपन्यांनाही लक्ष द्यावं लागलं.

एवढा इतिहास कळला की निवड सोपी होते. बाटलीमागचे घटक वाचायचे. सुरुवातीला पाणी, सायक्लोपेंटासिलोक्सेन, डायमेथिकोन, आयसोडोडेकेन आणि यादीत पुढे कुठेतरी ट्रायमेथिलसिलॉक्सिसिलिकेट (हेच ते रेझिन) दिसलं तर ते टिकाऊ घराण्यातलं समजावं. सुरुवातीलाच मेणं, पॅराफिन, खनिज तेल किंवा एरंडेल असेल तर ते कांडीच्या घराण्यातलं. कांडी वाईट नाही. डाग, काळी वर्तुळं झाकायला बोटभर जागेत तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण तेलकट कपाळभर ती फासू नये. मुरुमांचाही प्रश्न असतोच. सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरुमांचं रीतसर वर्णन क्लिगमन आणि मिल्स यांनी 1972 मध्ये केलं, तेव्हापासून त्वचेची रंध्रं बुजवणाऱ्या स्निग्ध घटकांकडे लोक संशयाने पाहू लागले.

छटा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठरवू नये. जबड्याच्या कडेला लावून रस्त्यावर उजेडात यावं आणि निदान तासभर थांबावं. गणपत गल्लीत तासभर काढणं काही कठीण नाही. थांबायचं कारण असं की तेल रंगाच्या कणांमध्ये भिनलं की छटा गडद दिसते. लोखंडाच्या ऑक्साइडांचा हा गुण आहे. ज्यांची छटा तासाभरात अशी गडद होते त्यांनी अर्धी पायरी उजळ घेतलेली बरी, पण त्याहून जास्त नको, नाहीतर फ्लॅशमध्ये चेहरा आणि गळा वेगवेगळे दिसतात.

लावण्यात घाई आणि जाडी हे दोन दोष. आदल्या दिवशी तेलवण आणि हळद झालेली असते, आणि हळद तेलात कालवलेली. ते तेल नाकाच्या कडेला, केसांच्या रेषेत राहतं. बेस तिथूनच सुटायला लागतो. रात्रीच सौम्य फेसवॉशने दोनदा तोंड धुवावं, सकाळी पुन्हा. घासून पिवळेपणा काढायच्या मागे लागू नये, त्वचा लाल होते. तेलकट त्वचेलाही हलकं जेल मॉइश्चरायझर लागतंच. ते पूर्ण मुरू द्यावं, पाच-दहा मिनिटं. प्रायमर, म्हणजे फाउंडेशनखालचा थर, फक्त कपाळ, नाक, हनुवटीवर, तोही वाटाण्याएवढा. मग फाउंडेशन. सिलिकोनचं वाहक द्रव्य लवकर उडतं, म्हणून सगळ्या तोंडावर ठिपके देऊन मग पसरवत बसण्यात अर्थ नाही. एक गाल संपवून दुसरा घ्यावा. ओल्या, घट्ट पिळलेल्या स्पंजने थोपटावं. वाळू द्यावं आणि जिथे गरज आहे तिथेच दुसरा पातळ हात द्यावा. पावडर फिरवायची नाही, पफने दाबून बसवायची.

हवेचाही हिशेब ठेवावा. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, म्हणून जानेवारीत सकाळी गारठा. त्या हवेत काहीही टिकतं. पण चैत्र-वैशाखात चिक्कोडी-निपाणीकडचा कडक उन्हाळा किंवा खानापूरकडची वळवानंतरची दमट हवा वेगळी. 1970 च्या सुमारास ब्रिटनमध्ये झालेल्या प्रयोगांत त्वचेचं तापमान एक अंशाने वाढलं की तेल सुटण्याचा वेग सुमारे 10 टक्क्यांनी वाढतो असं दिसलं होतं. होमासमोर बसलेल्या नवरीची कल्पना करा! अशा वेळी तेल टिपायचे कागद करवलीच्या पिशवीत असावेत. आधी दाबून तेल टिपायचं, मग हवी तर पावडर. तेलावर पावडर चढवली की लपके धरतात, आणि रुमालाने पुसलं तर रेझिनची जाळीच फाटते.

येत्या काळात या बाटल्यांमधलं द्रव्य बदलत जाणार आहे. डी-5 आणि डी-6 ही उडून जाणारी सिलिकोनं पर्यावरणात टिकून राहतात म्हणून युरोपीय संघाने 2024 मध्ये नियम केला. चेहऱ्यावर ठेवायच्या प्रसाधनांत 2027 पासून त्यांचं प्रमाण 0.1 टक्क्याच्या खाली ठेवावं लागेल. डी-5 म्हणजे वर आलेलं सायक्लोपेंटासिलोक्सेनच. तिथे विकणाऱ्या कंपन्यांना घटक बदलावे लागतील आणि त्या इतर देशांसाठी वेगळी बाटली चालू ठेवतीलच असं नाही. जुना आणि नवा माल काही दिवस एकाच खोक्यात, एकाच नावाने फळीवर असेल. तेव्हा गेल्या वर्षी बहिणीच्या लग्नात चांगलं टिकलं म्हणून तेच मागवणार असाल तर मागचे घटक पुन्हा वाचा, आणि लग्नाआधी एखाद्या उन्हाच्या दुपारी घरीच लावून पाहा.