नौदलातून निवडणुकीकडे : सेवामुक्तीची तारीख, पात्रता आणि कागदपत्रे

४ जून २०२४ रोजी दक्षिण गोवा लोकसभा मतदारसंघाचा निकाल लागला आणि काँग्रेसचे कॅप्टन विरियातो फर्नांडिस १३,५३५ मतांनी निवडून आले. त्याआधी २०२२ मध्ये दाबोळी विधानसभा मतदारसंघातून ते हरले होते. त्यांच्या नावामागचा ‘कॅप्टन’ हा भारतीय नौदलातला हुद्दा आहे. लष्करातला कॅप्टन हा कनिष्ठ अधिकारी असतो, तर बाहीवर चार सोनेरी पट्ट्या असणारा नौदलातला कॅप्टन लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा असतो. हा फरक कोकणात आणि गोव्यात तरी सांगावा लागू नये, पण लागतो. त्यांच्या विजयानंतर नौदलातून राजकारणात जाण्याची रीत नेमकी काय, असे बरेच जण विचारतात. त्याचे उत्तर एका अर्जात सामावत नाही, कारण सेवेतून बाहेर पडणे, मतदार यादीत योग्य जागी नाव असणे आणि नामनिर्देशनपत्र भरणे ही तीन वेगवेगळ्या यंत्रणांची कामे आहेत आणि त्यांच्या तारखा एकमेकींशी जुळाव्या लागतात.

सुरुवात नौदलापासूनच करावी लागते. नौदल अधिनियम, १९५७ च्या कलम १९ नुसार सेवेतल्या कोणालाही केंद्र सरकारच्या स्पष्ट परवानगीशिवाय राजकीय संघटनेचे सदस्य होता येत नाही आणि राजकीय हेतूने भरवलेल्या सभेत किंवा निदर्शनात भाग घेता येत नाही. त्यामुळे आधी पक्षप्रवेश, मग तिकिटाची खात्री आणि शेवटी राजीनामा हा क्रम नागरी जीवनात कितीही सोयीचा वाटला, तरी गणवेशातल्या माणसाला तो बंद आहे. हा क्रम उलटा ठेवावा लागतो आणि तिकीट न मिळण्याची जोखीम स्वतःच्या अंगावर घ्यावी लागते.

राजीनामा लिहून दिला की माणूस मोकळा झाला, असेही नौदलात होत नाही. मुदतपूर्व निवृत्तीचा किंवा राजीनाम्याचा अर्ज कमांडिंग ऑफिसरमार्फत नौदल मुख्यालयाकडे जातो. तो मान्य झाल्यावर सेवामुक्तीचा दिनांक ठरतो आणि त्या दिवसापर्यंत अधिकारी नौदल कायद्याखालीच असतो. शिल्लक रजा संपवण्यासाठी घरी आलेला अधिकारीही सेवेतच असतो, कारण रजा म्हणजे मुक्ती नव्हे. निवृत्तिवेतनासाठी अधिकाऱ्याची वीस वर्षांची अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी) सेवा लागते, म्हणून अठराव्या किंवा एकोणिसाव्या वर्षी राजकारणाचा विचार मनात येणाऱ्याने घरच्यांशी बोलताना हा हिशेबही मांडलेला बरा. अल्पसेवा कमिशनवर, म्हणजे ठरावीक वर्षांसाठीच्या अधिकारीपदाच्या नेमणुकीवर, आलेल्यांची मुदत आधीच ठरलेली असल्याने त्यांचा प्रश्न तुलनेने सोपा असतो.

सेवामुक्तीच्या तारखेवर इतका भर देण्याचे कारण संविधानात आहे. संसदेसाठी अनुच्छेद १०२ आणि विधिमंडळासाठी अनुच्छेद १९१ नुसार सरकारच्या अधीन लाभाचे पद धारण करणारी व्यक्ती सदस्य म्हणून निवडली जाण्यास अपात्र असते, आणि कमिशन हे उघडच लाभाचे पद आहे. ही अपात्रता मतदानाच्या किंवा निकालाच्या दिवशी पाहिली जात नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ३६ नुसार ती नामनिर्देशनपत्रांच्या छाननीच्या दिवशी पाहिली जाते. २०२४ मध्ये गोव्यातील दोन्ही जागांसाठी १२ एप्रिलला अधिसूचना निघाली, १९ एप्रिल हा अर्जाचा शेवटचा दिवस होता, २० एप्रिलला छाननी, २२ एप्रिलला माघार आणि ७ मे रोजी मतदान झाले. अधिसूचना निघाल्यापासून छाननीपर्यंत जेमतेम आठ दिवस मिळाले. त्या वर्षी एखाद्या अधिकाऱ्याची सेवामुक्ती ३० एप्रिलला असती, तर मतदानाच्या दिवशी तो साधा नागरिक असूनही त्याचा अर्ज टिकला नसता.

येथे एक शंका नेहमी निघते. प्रादेशिक सेनेच्या, म्हणजे आपला नागरी व्यवसाय सांभाळून अर्धवेळ सेवा करणाऱ्यांच्या लष्करी दलाच्या, गणवेशातले खासदार आणि आमदार लोकांनी पाहिलेले असतात, मग नौदलालाच बंदी का? याचे उत्तर संसद (अनर्हता प्रतिबंध) अधिनियम, १९५९ मध्ये आहे. ज्या पदांमुळे खासदारकीला बाध येत नाही त्यांची यादी या कायद्यात असून तीत राष्ट्रीय छात्रसेना आणि प्रादेशिक सेना आहेत, परंतु नौदलाचे नियमित कमिशन नाही. निवृत्तिवेतन घेणे मात्र लाभाचे पद धारण करणे नव्हे, त्यामुळे त्याची काळजी करण्याचे कारण नाही.

सेवेतून बाहेर पडल्यानंतर प्रतीक्षाकाळही नाही. सनदी अधिकाऱ्यांना निवडणूक लढवण्याआधी काही काळ थांबायला लावावे, ही मागणी निवडणूक आयोगाकडून आणि न्यायालयापुढेही येऊन गेली, पण तसा कायदा झालेला नाही. गणवेश उतरवल्यावर मधे काही काळ जायला हवा, असे माझे मत आहे. नियम मात्र तसे म्हणत नाही आणि अर्जदाराने नियमानुसारच चालायचे असते.

वयाची अट लोकसभा आणि विधानसभा यांसाठी २५ वर्षे आणि राज्यसभा आणि विधान परिषद यांसाठी ३० वर्षे आहे. नौदलातून निवृत्त झालेल्याची अडचण सहसा वयाची नसते, मतदार यादीची असते. लोकसभेसाठी देशातील कोणत्याही लोकसभा मतदारसंघात मतदार असून चालते, परंतु विधानसभेसाठी त्याच राज्यातल्या यादीत नाव असावे लागते. सेवेत असताना बहुतेकांचे नाव सैन्यदलातील मतदार म्हणून मूळ गावच्या यादीच्या अखेरच्या भागात असते. काहींचे ते शेवटच्या नेमणुकीच्या ठिकाणी, म्हणजे विशाखापट्टणमला किंवा कोचीला, सर्वसाधारण मतदार म्हणून लागलेले असते, तर काहींचे कोठेच नसते. सेवामुक्तीनंतर जेथे प्रत्यक्ष राहायला आलो तेथे नमुना ६ भरून सर्वसाधारण मतदार म्हणून नोंदणी करावी, आणि नाव आधीपासून दुसऱ्या जागी सर्वसाधारण मतदार म्हणून असेल तर नमुना ८ भरून ते स्थलांतरित करून घ्यावे. विशाखापट्टणमच्या यादीत नाव असलेला मालवणचा माणूस रत्नागिरी-सिंधुदुर्गातून लोकसभा लढवू शकेल, मात्र कुडाळ किंवा सावंतवाडीतून विधानसभा लढवू शकणार नाही. उमेदवार दुसऱ्या मतदारसंघाचा मतदार असल्यास त्या यादीतील संबंधित नोंदीची प्रमाणित प्रत अर्जासोबत द्यावी लागते किंवा छाननीच्या वेळी हजर करावी लागते. ही प्रत आदल्या आठवड्यातच काढून ठेवणे शहाणपणाचे.

यानंतर अपात्रतेच्या प्रश्नांचा भाग येतो. लोकसभेसाठी नमुना २-क आणि विधानसभेसाठी नमुना २-ख असे नामनिर्देशनपत्र असते आणि त्यात उमेदवाराला थेट विचारले जाते की तो लाभाचे पद धारण करतो का, परकीय राष्ट्राशी त्याची निष्ठा आहे का, सरकारशी त्याचा चालू करार आहे का, भ्रष्टाचार किंवा राज्याशी द्रोह या कारणावरून त्याला कधी बडतर्फ केले आहे का. यातील शेवटचा प्रश्न माजी अधिकाऱ्याने नीट वाचावा. अशा कारणावरून बडतर्फ झालेली व्यक्ती बडतर्फीपासून पाच वर्षे अपात्र असते. बडतर्फी दुसऱ्या एखाद्या कारणावरून झाली असेल आणि पाच वर्षे उलटली नसतील, तर बडतर्फीचे कारण भ्रष्टाचार किंवा द्रोह नव्हते असे निवडणूक आयोगाचे प्रमाणपत्र अर्जासोबत जोडावेच लागते. ते नसेल तर अर्ज रीतसर सादर झाला असे मानलेच जात नाही. सन्मानाने निवृत्त झालेल्याला या प्रमाणपत्राची गरज नाही.

करारांच्या प्रश्नाकडेही पुष्कळ जण दुर्लक्ष करतात. निवृत्तीनंतर नौदलाला किंवा गोदीला माल पुरवणाऱ्या छोट्या संस्था काढणारे अधिकारी थोडे नाहीत. संबंधित सरकारला माल पुरवण्याचा किंवा सरकारी काम करण्याचा करार स्वतःच्या धंद्याच्या ओघात केलेला असून तो चालू असेल, तर ती अपात्रता ठरते. त्याचप्रमाणे ज्या कंपनीच्या भागभांडवलात सरकारचा किमान २५ टक्के वाटा आहे, अशा कंपनीचा व्यवस्थापकीय एजंट, व्यवस्थापक किंवा सचिव असणेही उमेदवारीच्या आड येते. सार्वजनिक क्षेत्रातल्या एखाद्या जहाजबांधणी कारखान्यात नोकरी धरलेल्या निवृत्त अधिकाऱ्याने आपले पद या कलमात किंवा लाभाच्या पदात बसते का, हे वकिलाकडून आधी तपासून घ्यावे.

आता प्रत्यक्ष फाइलीकडे वळू. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेतच घेतले जातात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला त्या मतदारसंघातील एक सूचक (त्याचे नाव सुचवणारा मतदार) पुरतो, अपक्षाला दहा लागतात. लोकसभेसाठी अनामत रक्कम २५,००० रुपये आणि विधानसभेसाठी १०,००० रुपये असून अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ती निम्मी असते. हा आमचा अधिकृत उमेदवार असे कळवणारे पक्षाचे नमुना अ आणि ब अखेरच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत पोचले नाहीत, तर पक्षाचे चिन्ह हातचे जाते. निवडणूक खर्चासाठी वेगळे बँक खाते अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेले असावे लागते. अर्ज दिल्यानंतर आणि छाननीचा दिवस उजाडण्यापूर्वी संविधानानुसार शपथ घ्यावी लागते. कमिशन मिळताना शपथ घेतली होती, असे एखादा माजी अधिकारी सांगेल, पण ती शपथ येथे उपयोगाची नाही.

सर्वांत जास्त वेळ खाणारा कागद म्हणजे नमुना २६ मधील प्रतिज्ञापत्र. त्यात स्वतःची, पती किंवा पत्नीची आणि अवलंबितांची मालमत्ता आणि देणी, पॅन, मागील पाच वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रांतील उत्पन्ने, गुन्हेगारी प्रकरणे आणि शिक्षण अशी माहिती द्यावी लागते आणि ते नोटरीसमोर किंवा प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यासमोर करावे लागते. एकही रकाना कोरा ठेवू नये. सांगण्यासारखे काही नसेल तेथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहावे. कोरे रकाने दाखवून दिल्यावरही उमेदवाराने ते भरले नाहीत तर अर्ज फेटाळता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे.

याच प्रतिज्ञापत्रात माजी नौदल अधिकाऱ्याला अडवणारी एक ओळ आहे. निवडणुकीच्या अधिसूचनेपूर्वीच्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थानात राहिला असाल, तर त्याचा पत्ता आणि घरभाडे, वीज, पाणी व दूरध्वनी यांची बाकी नसल्याचे निवेदन द्यावे लागते आणि त्यासोबत त्या त्या यंत्रणेची ना-देय प्रमाणपत्रे जोडावी लागतात. डोंबिवलीत स्वतःच्या घरात तीस वर्षे राहिलेल्या उमेदवाराला या ओळीत ‘लागू नाही’ लिहून पुढे जाता येते. नौदल अधिकाऱ्याचे मात्र त्या दहा वर्षांत कुलाब्याच्या नेव्ही नगरमध्ये, मग कारवारला, मग दिल्लीत, मग वास्कोत अशी चार-पाच क्वार्टर्स झालेली असतात. प्रत्येक ठिकाणी वीज-पाण्याची बिले वेगळ्या कार्यालयाकडे जातात. क्वार्टर सोडताना मिळालेली पावती बहुधा कोणत्या तरी काळ्या ट्रंकेच्या तळाशी, मुलांच्या जुन्या प्रगतिपुस्तकांखाली पडलेली असते. ती सापडली तरी ती उपयोगी पडेलच असे नाही, कारण बाकीची स्थिती ज्या महिन्यात निवडणूक अधिसूचित होते त्याच्या तीन महिने आधीच्या महिन्याच्या अखेरची किंवा त्यानंतरची दाखवावी लागते. म्हणून सेवामुक्तीचा आदेश हातात पडताच पत्त्यांची यादी करून संबंधित कार्यालयांना पत्रे टाकावीत आणि निवडणुकीचे वारे सुरू झाले की नवी प्रमाणपत्रे मागवावीत.

सेवामुक्तीचा आदेश, निवृत्तिवेतन प्रदान आदेश आणि माजी सैनिक ओळखपत्र यांपैकी काहीही नामनिर्देशनपत्रासोबत जोडणे सक्तीचे नाही. तरीही पहिल्याची प्रत छाननीला जाताना खिशात असावी, कारण ‘उमेदवार अजून सेवेत आहे’ असा आक्षेप प्रतिस्पर्ध्याने घेतला तर त्याला कागदाइतके चोख उत्तर दुसरे नाही.

प्रचारात हुद्दा लावण्याची प्रथा आहे, मात्र नावापुढे ‘निवृत्त’ लिहावे. सेनादलांतील व्यक्तींची आणि कार्यक्रमांची छायाचित्रे पक्षांनी आणि उमेदवारांनी जाहिरातीत वापरू नयेत, असे निवडणूक आयोगाने डिसेंबर २०१३ मध्ये कळवले होते आणि मार्च २०१९ मध्ये पुन्हा बजावले. त्यामुळे पांढऱ्या गणवेशातला जुना फोटो घरातल्या भिंतीवरच राहू द्यावा. २०२४ मध्ये खर्चाची मर्यादा गोव्यात लोकसभेसाठी ७५ लाख रुपये आणि महाराष्ट्रात ९५ लाख रुपये होती. निकालानंतर ३० दिवसांच्या आत हिशेब द्यावा लागतो. तो न देणाऱ्याला, हरलेला असला तरी, आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

राहिला प्रश्न मोठ्या शासकीय पदांचा. मंत्रिपदासाठी आधी सभागृहाचे सदस्य असण्याची अट नाही, पण शपथेपासून सहा महिन्यांत सदस्य व्हावे लागते. राज्यपालपदासाठी भारतीय नागरिकत्व आणि वयाची ३५ वर्षे पूर्ण एवढीच पात्रता संविधानात आहे आणि नेमणूक राष्ट्रपतींच्या अधिपत्राने होते. त्यासाठी अर्ज नसतो, जाहिरात नसते आणि मुलाखतही नसते. माजी नौदलप्रमुख ॲडमिरल आर. एच. ताहिलियानी १९९० मध्ये सिक्कीमचे राज्यपाल झाले, आणि पाणबुडीवरील दुर्घटनेची नैतिक जबाबदारी घेऊन फेब्रुवारी २०१४ मध्ये नौदलप्रमुखपद सोडणारे ॲडमिरल डी. के. जोशी ऑक्टोबर २०१७ मध्ये अंदमान आणि निकोबारचे नायब राज्यपाल झाले. दोघांनीही त्यासाठी निवडणूक लढवली नाही. निवडून आलेल्या खासदाराची किंवा आमदाराची राज्यपालपदी नेमणूक झाली, तर पदग्रहणाच्या दिवशी त्याची सभागृहातील जागा रिकामी झाली असे मानले जाते. त्यासाठी वेगळा राजीनामा लिहून द्यावा लागत नाही.