पेशीच्या चित्रातला पिवळा ठिपका किती खरा?

काळ्या पार्श्वभूमीवर निळी केंद्रकं, हिरवे धागे, मधूनच लाल ठिपके: पेशींची अशी चित्रं आपण पुस्तकांत आणि बातम्यांत पाहतो आणि पेशी आतून अशीच दिसत असणार, असं धरून चालतो. प्रत्यक्षात संशोधनासाठीच्या बहुतेक फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकांवर, म्हणजे चमकणाऱ्या द्रव्यांचा प्रकाश टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकांवर, कृष्णधवल कॅमेरा बसवलेला असतो. रंग भरले जातात ते नंतर, संगणकावर.

पेशीतल्या एकेका घटकाला वेगवेगळं चमकणारं द्रव्य जोडतात. डॅपी हे द्रव्य डीएनएला चिकटतं, अतिनील प्रकाश शोषतं आणि सुमारे ४६१ नॅनोमीटरचा निळा प्रकाश सोडतं. एखाद्या प्रथिनाला जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडलं की तेही हिरवं चमकतं. हे जीएफपी ओसामू शिमोमुरा यांनी १९६२मध्ये एका जेलीफिशमधून वेगळं केलं आणि त्यावरच्या कामासाठी २००८चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मार्टिन चाल्फी आणि रॉजर चेन यांच्यासोबत मिळालं. प्रत्येक द्रव्याचा प्रकाश स्वतंत्र फिल्टरमधून घेऊन वेगळा फोटो काढतात. असा एक फोटो म्हणजे एक चॅनेल. त्यातल्या प्रत्येक पिक्सेलवर फक्त एक संख्या असते. १२ बिटच्या कॅमेऱ्यात ती ० ते ४०९५च्या दरम्यान असते.

कोणत्या संख्येला कोणता रंग द्यायचा, हे इमेजजे, नापारी किंवा पॅराव्ह्यूसारखं सॉफ्टवेअर एका तक्त्यावरून ठरवतं, आणि तो तक्ता निवडणारा असतो माणूस. काही द्रव्यं तर इतक्या गडद तांबड्या टोकाला चमकतात, की तो प्रकाश आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसतो. त्यांना कुठला तरी दुसरा रंग द्यावाच लागतो.

या निवडीचे परिणाम साधे नसतात. डॅपी निळं चमकतं म्हणून केंद्रकं निळी रंगवायची, ही जुनी रीत. पण पडद्यावरच्या पूर्ण पांढऱ्या रंगाच्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के असतो. म्हणजे काळ्यावर शुद्ध निळा रंग आपल्याला मुळातच अंधारा दिसतो. तेच केंद्रक करड्या छटांत पाहा: जो एकसारखा निळा गोळा वाटत होता, त्यात डीएनएच्या दाट गाठी आणि विरळ जागा उठून दिसू लागतात. संख्या त्याच, दिसणं मात्र वेगळं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पिवळ्या रंगाची. एक प्रथिन लाल, दुसरं हिरवं रंगवायचं आणि दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवायची. जिथे पिवळं दिसेल तिथे दोन्ही प्रथिनं एकत्र आहेत, असं मानायचं. एक पिक्सेल घेऊन बघू. लाल चॅनेल तिथे चांगला उजळ आहे. हिरव्या चॅनेलची संख्या ३०० आहे आणि त्यातले १०० तर कॅमेऱ्याचा मूळ पायाच आहे, म्हणजे प्रकाश नसतानाही कॅमेरा दाखवतो ती संख्या. सॉफ्टवेअरमध्ये हिरव्याची मर्यादा १०० ते २००० ठेवली, म्हणजे १००ला काळा आणि २०००ला पूर्ण हिरवा, तर हा पिक्सेल पूर्ण उजेडाच्या साधारण १० टक्केच हिरवा होतो आणि लालच दिसतो. वरची मर्यादा ओढून ३५०वर आणली की तोच पिक्सेल ८० टक्के हिरवा होतो आणि लखलखीत पिवळा ठिपका उमटतो. पेशीत काहीच बदललेलं नसतं, माऊसने एक पट्टी सरकलेली असते. बरीच सॉफ्टवेअर तर चित्र उघडतानाच ही पट्टी आपणहून ओढतात! म्हणून ज्या दोन नमुन्यांची तुलना करायची, त्यांना एकच मर्यादा लावायला हवी आणि एकत्रित चित्राशेजारी प्रत्येक चॅनेल करड्या छटांत वेगळा छापायला हवा.

शिवाय लाल-हिरवा फरक ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी हे चित्र जवळपास निरुपयोगी ठरतं. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत असे सुमारे ८ टक्के असतात. लालऐवजी मजेंटा, म्हणजे लाल आणि निळ्याचं मिश्रण, वापरला तर त्यांनाही फरक कळतो आणि दोन्ही चॅनेल जिथे सारखे उजळ असतील, तिथे पांढरं दिसतं. एवढा सोपा उपाय असताना लाल-हिरवी जोडी अजून वापरात राहावी, हे मला पटत नाही.

त्रिमितीय डेटात आणखी एक खाच आहे. पॅराव्ह्यू हे सॉफ्टवेअर मुख्यतः भौतिकी आणि अभियांत्रिकीच्या गणितांसाठी घडलं. प्रत्येक बिंदूवर तीन संख्या दिसल्या की ते त्यांना वाऱ्याच्या वेगासारखं सदिश समजतं आणि तिघांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढून रंग देतं. वाऱ्याच्या बाबतीत हे ठीकच, पण डीएनए, एक प्रथिन आणि दुसरं प्रथिन यांचं असं वर्गमूळ जीवशास्त्रात काहीच सांगत नाही. चित्र मात्र देखणं येतं, त्यामुळे चूक लवकर लक्षात येत नाही. प्रत्येक चॅनेल सुटा करून त्याला स्वतःचा रंग आणि स्वतःची पारदर्शकता द्यावी लागते.

हे सगळं नीट केलं तरी पिवळ्या किंवा पांढऱ्या ठिपक्यावरून ‘प्रथिनं एकमेकांना चिकटली आहेत’ असं म्हणता येत नाही. दोन चॅनेल किती जुळतात, हे पिअरसन किंवा मँडर्स गुणांकाने मूळ संख्यांवरूनच मोजायचं असतं. तेही पुरत नाही, कारण साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत, आणि प्रथिनं असतात काही नॅनोमीटरची. एकाच ठिपक्यात दोघं दूरदूर असू शकतात. त्यांच्यात १० नॅनोमीटरहून कमी अंतर आहे का, हे पाहायला फ्रेट नावाची वेगळी पद्धत वापरतात. तिच्यात एका द्रव्याने शोषलेली ऊर्जा शेजारच्या द्रव्याकडे जाते का, हे मोजलं जातं.