अंधारात चमकतं म्हणजे रेडिओॲक्टिव्ह?

अंधारात चमकणारी प्रत्येक वस्तू रेडिओॲक्टिव्ह असते, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. भीती उगाच नाहीये, जुन्या घड्याळांच्या काट्यांवर खरंच रेडियम या रेडिओॲक्टिव्ह धातूचा रंग असायचा. पण 1990च्या दशकापासून बहुतेक ठिकाणी स्ट्रॉन्शियम अल्युमिनेट हे चमकणारं रसायन आलं, त्यात युरोपियम आणि डिस्प्रोसियम ही मूलद्रव्यं थोडी घालतात, हिरवा उजेड युरोपियम देतं आणि डिस्प्रोसियममुळे प्रकाशातून मिळालेली ऊर्जा अडकून राहते आणि तासन्तास हळूहळू सुटते, यात रेडिएशनचा संबंधच नाही. चेक करायचंय? वस्तू दोन दिवस बंद ड्रॉवरमध्ये ठेवा, मग अंधारातच बघा, जवळपास विझलेली दिसेल, टॉर्च मारला की परत चमकेल. मात्र खूप जुनं घड्याळ चमकत नसलं तरी उघडू नका, चमकणारा पदार्थ खराब होतो पण रेडियम तसंच राहतं, त्याचं अर्धायुष्य, म्हणजे अर्धं उरायला लागणारा काळ, सुमारे 1600 वर्षं आहे.