दीर्घायुषी बँडची तुलना

पन्नास वर्षांहून अधिक काळ नाव टिकवून असलेल्या प्रोग्रेसिव्ह रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचे रॉक) आणि इलेक्ट्रॉनिक बँडना शेजारी शेजारी ठेवून त्यांचे मोल ठरवण्याची श्रोत्यांची सवय. ही सवय जगभर आढळते. प्रस्तुत नोंद सांगली-मिरज परिसरात तिला आलेल्या वळणापुरती आहे. चर्चा बहुधा वयापासून सुरू होते, अल्बम मोजण्यावरून तापते आणि शेवटी एका प्रश्नापाशी अडते : माणसे बदलली, मग बँड तोच म्हणायचा का? सांगलीकराला हा प्रश्न नवा नाही. नाटक कंपन्यांच्या बाबतीत त्याच्या पणजोबांनी यावर रात्री जागवल्या आहेत.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये संगीत नाटक उभे केले आणि १८८५ मध्ये ते गेले. किर्लोस्कर मंडळी मात्र चालूच राहिली. भाऊराव कोल्हटकरांनी ती गाजवली, १९०१ मध्ये तेही गेले, तरी तंबू उठला नाही. १९०५ मध्ये मिरजेला बालगंधर्व प्रथम शकुंतला म्हणून उभे राहिले, तेव्हा मूळ मालकाला जाऊन वीस वर्षे झाली होती. पुढे १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले व गंधर्व मंडळी निघाली. १९१८ मध्ये दीनानाथ मंगेशकरही बाहेर पडले. त्यांची बळवंत मंडळी. हेच दीनानाथ नंतर सांगलीत राहायला आले. ‘कंपनी फुटली’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून इथल्या तोंडी आहे आणि बँडच्या गप्पांत तो जसाच्या तसा वापरला जातो.

वयाचे गणित फसवे असते. किंग क्रिमसन हा इंग्लिश बँड १९६९ ते २०२१ असा बावन्न वर्षांचा दिसतो. पण गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांनी १९७४ मध्ये तो मोडला, १९८१ मध्ये वेगळ्या संचानिशी उभा केला, १९८४ नंतर पुन्हा दहा वर्षे शांतता. उलट बर्लिनचा इलेक्ट्रॉनिक बँड टँजरीन ड्रीम १९६७ पासून जवळपास अखंड चालला आहे. अल्बमांच्या मोजणीतही तीच गत. ध्वनिमुद्रित मैफली आणि चित्रपटांचे संगीत धरून टँजरीन ड्रीमचा आकडा शंभरापलीकडे जातो. क्रिमसनचे स्टुडिओ अल्बम तेरा. आणि ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवेर्क या इलेक्ट्रॉनिक बँडने स्वतःच्या अधिकृत संग्रहात फक्त आठ ठेवले आहेत, पहिले तीन वगळून. शंभरवाला थोर की आठवाला, हा वाद पोरकट आहे. रंगतो मात्र खूप, कारण त्यात प्रत्येकाला काहीतरी मोजता येते.

खरा पेच नावाचा. येस हा बँड १९६८ मध्ये लंडनला गायक जॉन अँडरसन आणि बेसवादक ख्रिस स्क्वायर यांनी सुरू केला. १९८९ मध्ये अँडरसन यांनी तीन जुने सहकारी जमवून वेगळा चमू काढला, पण येस हे नाव स्क्वायर यांच्या बाजूला होते. म्हणून त्या चमूला चौघांची आडनावे ओळीने जोडून दुकानाच्या पाटीसारखे नाव घ्यावे लागले. दोन वर्षांनी दोन्ही फळ्या एकत्र आल्या आणि १९९१ च्या दौऱ्यात आठ जण एका रंगमंचावर उभे राहिले. सासूसुनेची समेट म्हणावी, तशीच ती टिकली. २००८ मध्ये अँडरसन आजारी पडल्यावर त्यांच्या जागी येसचीच गाणी गाणाऱ्या एका नकली बँडमधला गायक आणला गेला. २०१५ मध्ये स्क्वायर वारले. तोवरच्या येसच्या प्रत्येक अल्बमवर वाजवलेला तो एकच माणूस होता. त्यानंतर काही वर्षे दोन ‘येस’ दौऱ्यावर होते : एक गिटारवादक स्टीव्ह हाव यांचा, जे १९७० मध्ये आले म्हणजे संस्थापक नव्हेत, आणि एक अँडरसन यांचा, ज्यांच्याकडे गळा होता पण पूर्ण नाव नव्हते. सांगलीत यावर सरळ दोन तट पडतात. ‘गळा तिकडे कंपनी’ म्हणणारे एक, ‘पाटी तिकडे कंपनी’ म्हणणारे दुसरे.

टँजरीन ड्रीमचे प्रकरण याहून वेगळे आहे. संस्थापक एडगर फ्रोजे जानेवारी २०१५ मध्ये गेले. थॉर्स्टन क्वेशनिंग हे २००५ पासून त्यांच्याबरोबर होते, व्हायोलिनवादक होशिको यामाने २०११ पासून. पॉल फ्रिक नंतर आले. फ्रोजे यांनी मागे ठेवलेल्या टेपा आणि संगणकावरचे आराखडे हाताशी घेऊन या मंडळींनी नवे अल्बम केले. मैफलीच्या शेवटी ते एक लांबलचक तुकडा आयत्या वेळी रचून वाजवतात, दर रात्री निराळा. मिरजेतला श्रोता इथे चटकन ‘घराणे’ म्हणून मोकळा होतो. अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला गायले आणि १९३७ मध्ये वारले. किराणा गायकी पुढे सवाई गंधर्वांकडे, त्यांच्याकडून भीमसेन जोशींकडे गेली, आणि मूळ सदस्य कुठे आहेत असे कुणी विचारले नाही. उपमा गोड आहे, पण पुरती लागू पडत नाही. भीमसेनांनी तिकिटावर स्वतःचे नाव घातले, खाँसाहेबांचे नव्हे. घराण्यात शिष्य गुरूचा आवाज घेतो, त्याची पाटी घेत नाही.

त्यापेक्षा मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला दाखला जास्त नेमका वाटतो. २०२४ मध्ये इथल्या सतार-तानपुऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, ते सोडा. पाहायची ती दुरुस्ती. जुना तानपुरा येतो तेव्हा तारा तर बदलतातच, खुंट्या सैल झालेल्या असतात त्या नव्या बसतात, तारा ज्यावर टेकतात ती झिजलेली घोडी काढून दुसरी लावतात, प्रसंगी दांडीही बदलते. घरी नेणारा तरीही ‘आजोबांचा तानपुरा’ म्हणूनच नेतो. भोपळा मात्र फुटला की बोलणे थांबते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा दुसरा भोपळा मिळतो, त्यावर तेच वाद्य बांधता येते, पण गिऱ्हाईक क्षणभर गप्प राहते. बँडचा भोपळा कोणता, हे ज्याचे त्याला ठरवावे लागते. येसमध्ये तो गळा असू शकतो. क्रिमसनमध्ये निर्विवाद फ्रिप.

इलेक्ट्रॉनिक बँड जास्त टिकतात, असा या चर्चांतला एक आवडता सिद्धान्त. त्यात तथ्य आहे. गायकाचा वरचा स्वर साठीनंतर साथ देईलच असे नाही, यंत्राचा देतो. क्राफ्टवेर्क १९७० मध्ये राल्फ ह्युटर आणि फ्लोरियान श्नायडर यांनी सुरू केला. श्नायडर २००८ मध्ये बाहेर पडले, २०२० मध्ये वारले. आज संस्थापकांपैकी एकटे ह्युटर उरले आहेत आणि नवा स्टुडिओ अल्बम २००३ नंतर नाही. तरी चार माणसे चार मेजांमागे उभी राहतात आणि प्रेक्षकाला काही उणे वाटत नाही. काही गाण्यांना त्यांच्या जागी बाहुलेच उभे केले जात.

पण यंत्र म्हणजे न बदलणारी वस्तू, हा समज कच्चा आहे. टँजरीन ड्रीमने १९७३ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये ‘फीड्रा’ मुद्रित केला, तेव्हा मूग सिंथेसायझर तापेल तसा सुरावरून सरकत होता. तो सरकलेला सूर त्यांनी ध्वनिमुद्रणात तसाच ठेवला. हे ऐकून तानपुरा लावणाऱ्याला हसू येते. हवा दमट झाली की तार उतरते, घोडीवरचा दोरा केसभर पुढेमागे झाला की जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, बंद पडते, आणि गायक मैफलीच्या मध्यावर मागे वळून खुंटी पिळतो. लावून ठेवलेला आणि लावलेलाच राहणारा सूर मिरजेत कुणी पाहिलेला नाही.

मोडलेल्या जोडण्यांची तुलना अलीकडे क्रिमसनवर येऊन ठेपते. २०१४ नंतरचा क्रिमसन तीन ड्रमवादकांना रंगमंचावर पुढे बसवून पन्नास वर्षांचे जुने तुकडे नव्याने वाजवत होता. डिसेंबर २०२१ मध्ये टोकियोत तो थांबला. २०२४ मध्ये एड्रियन बेल्यू आणि टोनी लेविन या जुन्या दोघांनी स्टीव्ह वाय व डॅनी कॅरी यांना घेऊन ऐंशीच्या दशकातली गाणी वाजवायला सुरुवात केली. फ्रिप त्यात नाहीत. त्यांची संमती होती, आणि चमूला नाव घेतले ‘बीट’, क्रिमसन नव्हे. सांगलीतल्या नाटकवेड्या फॅनांनी याला लगेच १९१३ ची पद्धत म्हटले : कंपनी सोडली, पदे बरोबर नेली, पाटी मात्र मालकाकडे ठेवली.