टॉम आणि जेरीचा तो ‘शेवटचा’ भाग शेवटचा नव्हता

प्रेमभंगाने खचलेले टॉम आणि जेरी रेल्वे रुळांवर बसतात, गाडीची शिट्टी जवळ येते आणि मालिका तिथेच संपते, असा संदेश पुण्यातील महाविद्यालयीन व्हॉट्सअ‍ॅप गटांवर अनेक वर्षे हळहळीसह फिरतो आहे. प्रसंग खरा आहे. तो १९५६ च्या ‘ब्लू कॅट ब्लूज’ या लघुपटातला असून, एरवी मूक असणारा जेरी त्यात चक्क निवेदन करतो. मात्र टॉम आणि जेरीचे जनक हॅना आणि बार्बेरा यांनी १९५८ पर्यंत ही जोडी पडद्यावर आणली आणि १९६१ पासून नवे दिग्दर्शक आले. प्रत्येक लघुपट स्वतंत्र असे. १९४४ च्या ‘माउस ट्रबल’मध्ये तर टॉम स्फोटानंतर थेट स्वर्गात पोहोचतो, त्यावर मात्र कोणी शोक केल्याचे दिसत नाही.